घाटाखालची सुई

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारताना आधी घाट विचारतात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावरचे. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखालचे. पाणी बदलतं, बोली बदलते, सोयरीक जमवतानाही घाट आडवा येतो. टोंगळ्यांनी मात्र असा भेद ठेवलेला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही बाईला खुशाली विचारा, उत्तर गुडघ्यापासून सुरू होतं. "काय सांगू बाप्पा, टोंगळे पार कामातून गेले." उकिडवं बसून निंदण, कमरेला ओटी बांधून कापूसवेचणी, वाकून सोयाबीनची सोंगणी, आणि घरी आल्यावर चुलीपुढे पुन्हा उकिडवं. वीस-तीस वर्षं हे झाल्यावर गुडघ्यातली कूर्चा झिजणार नाही तर काय होईल?

त्यावरचं औषध ठरलेलं आहे. मेडिकलवर जायचं आणि 'दुखायची गोळी' मागायची. चिठ्ठी कोणी विचारत नाही. पोट जळायला लागलं की त्यावर दुसरी गोळी. या गोळ्यांचा हिशेब घाटाखाली वेगळा लागतो, त्याकडे पुढे येतोच. पण गेल्या काही वर्षांत या दुखण्याच्या बाजारात आणखी एक गोष्ट आली आहे. देवस्थानाबाहेरच्या दुकानांत काटेरी प्लास्टिकच्या चपला आणि बोटात फिरवायच्या तारेच्या अंगठ्या दिसतात, तालुक्याच्या गावी अ‍ॅक्युप्रेशर आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या पाट्या दिसतात, आणि अधूनमधून शिबिरं भरतात. चिनी वैद्यक आपल्याकडे आलं ते हे असं, गुडघ्याच्या वाटेने.

असंच एक शिबिर मी घाटाखालच्या एका गावी, मंगल कार्यालयात पाहिलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, समोर पाय टेकायला स्टुलं, टेबलावर स्टीलचा ट्रे, स्पिरिटचे बोळे आणि बंद पाकिटांतल्या सुया. उपचार करणारा तरुण आधी माप घेत होता. टेप नाही, पट्टी नाही. बाईचाच हात तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली आडवा ठेवायचा. चार बोटं खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बोट. ज्याचं शरीर त्याच्याच बोटांनी मोजायचं, ही चिनी पद्धत. उंच माणसाचा बिंदू उंच माणसाच्या मापाने सापडतो, ठेंगण्याचा ठेंगण्याच्या. या जागेचं चिनी नाव त्सू-सान-ली. पाय, पोट, थकवा अशा सगळ्या तक्रारींवर ती वापरतात. तरुणाने पाकीट फोडलं, बारीक नळीतून सुई टेकवली आणि नळीच्या तोंडावर बोटाने टिचकी मारली. सुई भरीव आणि केसासारखी बारीक, पाव मिलिमीटरच्या आसपास जाड. आत औषध नाही, रक्त काढायचं नाही.

"टोचली का वो डाक्टर साहेब?"

"केव्हाच टोचली माय."

"मले तं मुंगीबी चावल्यासारखं नाई झालं."

मग त्याने सुईला वायरचा चिमटा लावला, डबीवरचं बटण हळूहळू फिरवलं आणि पोटरीचा स्नायू आपोआप उडायला लागला. आजी आधी दचकल्या, मग हसल्या. "आता जड जड वाटू राह्यलं." हा जडपणा चिनी वैद्याला हवाच असतो, तो आला म्हणजे सुई नेमकी बसली असं तो मानतो. वीस मिनिटं आजी तशाच बसून होत्या. मला वाटतं, भरदिवसा वीस मिनिटं हातात काम न घेता बसायची सक्ती, हाच त्यांना कित्येक वर्षांत मिळालेला पहिला उपचार असावा.

सुईने काय होतं, हे मी विचारलं तेव्हा तरुणाने मराठी माणसाला पटेल असं उत्तर दिलं: दबलेली नस मोकळी होते, रक्त फिरायला लागतं. मूळ ग्रंथ हे सांगत नाहीत. 'ह्वांग-दी नेइजिंग' हा चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ दोन हजार वर्षांहून जुना. त्याच्या मते शरीरात 'ची' नावाचं चैतन्य ठरलेल्या मार्गांनी वाहतं. असे मुख्य मार्ग बारा. यिन आणि यांग, म्हणजे शीत-उष्ण, आत-बाहेर, स्थिर-चंचल अशा जोड्यांचा तोल बिघडला किंवा ची कुठे अडला की दुखणं उभं राहतं. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं आणि त्यांना जोडलेले अवयव. आज जगभर शिकवले जाणारे बिंदू 361. हे मार्ग शवविच्छेदनात सापडत नाहीत आणि ची कुठल्या यंत्रावर उमटत नाही. वात-पित्त-कफावर वाढलेल्या आपल्या कानांना हे सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून ते चटकन पटतं. चटकन पटणं हा मात्र पुरावा नव्हे.

पुरावा पाहायचाच तर टोंगळ्याचाच पाहू. जर्मनीत तिथल्या आरोग्य विमा संस्थांच्या पैशातून गुडघ्याच्या झिजेवर मोठी चाचणी झाली; निष्कर्ष 2006 साली आले. रुग्ण 1007. एका गटाला नेमक्या चिनी बिंदूंवर सुया, दुसर्‍या गटाला भलत्याच जागी वरवर सुया, तिसर्‍या गटाला नेहमीचा डॉक्टरी उपचार. सहा महिन्यांनी खर्‍या सुयांच्या गटात 53 टक्के लोकांना ठरवलेल्या कसोटीइतका आराम पडला होता, भलत्या सुयांच्या गटात 51 टक्के, नेहमीच्या उपचाराच्या गटात 29 टक्के. हे आकडे सुईवाले अर्धेच सांगतात आणि सुईचे विरोधकही अर्धेच सांगतात. पूर्ण वाचले तर दोन गोष्टी दिसतात. सुई टोचून घेणार्‍यांना खरोखर बरं वाटलं, आणि सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. बारा मार्ग, चार बोटांचं माप, पंचतत्त्वं या सगळ्याची इमारत त्या दोन टक्क्यांच्या फरकात मावते.

ब्रिटनची 'नाइस' ही सरकारी संस्था असे पुरावे चाळून डॉक्टरांना मार्गदर्शन करते. तिने 2021 साली कारण न सापडणार्‍या जुनाट दुखण्यासाठी सुईचा पर्याय मान्य केला. गुडघ्याच्या झिजेसाठी मात्र 2022 साली 'देऊ नका' असं स्पष्ट लिहिलं. मनगटाच्या आतल्या बाजूच्या, कोपराच्या दिशेने तीन बोटांवरच्या बिंदूवर दाब दिला किंवा सुई लावली तर शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, यालाही बर्‍यापैकी आधार आहे. आपल्याकडच्या पाट्यांवर मात्र मधुमेह, थायरॉइड, वंध्यत्व, लकवा, किडनी सगळं एका ओळीत असतं. जी पाटी सगळंच बरं करते तिच्यापुढे पाय काढता घ्यावा.

"ही विद्या मुळात आपलीच, बौद्ध भिक्षूंनी चीनला नेली," हे वाक्य प्रत्येक शिबिरात ऐकायला मिळतं. वर्‍हाडात ते जरा जास्तच ठासून सांगतात, कारण जिल्ह्याचे दोन तुकडे करणारा हा घाट म्हणजे अजिंठ्याचीच डोंगररांग. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएनत्संग महाराष्ट्रात येऊन गेला, इथल्या लेण्यांचं वर्णन करून गेला, हे खरं. पण त्याच शतकात त्याच्या मागून आलेला इत्सिंग नालंदेत दहाएक वर्षं राहिला, भारतीय वैद्यकाबद्दल आदराने आणि तपशिलाने लिहून गेला, आणि त्याचंच म्हणणं असं की सुई, डाग आणि नाडीपरीक्षा यांत चीनच्या तोडीचं जंबुद्वीपात कुठे नाही. इथे राहून पाहिलेल्या माणसाची साक्ष आहे ही. सुश्रुताची 107 मर्मं पुढे केली जातात, पण मर्मं ही जपायची ठिकाणं. तिथे घाव बसू नये म्हणून शल्यचिकित्सकाने ती पाठ करायची. आपली जी सुई खरोखर चीनला गेली ती मोतीबिंदूची. तांग काळात भारतीय नेत्रवैद्य चीनमध्ये डोळ्यातलं गढूळ भिंग खाली सारून दृष्टी देत होते, आणि चिनी लोकांनी तिचं श्रेय मोकळेपणाने भारताला दिलं. दुसर्‍याचं ते दुसर्‍याचं म्हणायला आपलं एवढं का अडतं कळत नाही.

परतीची वाट अगदी अलीकडची आहे आणि ती मराठी माणसांच्या ओळखीची आहे. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून काँग्रेसचं वैद्यकीय पथक जपानी आक्रमणाखालच्या चीनला निघालं. पाच डॉक्टर: प्रमुख अटल, कलकत्त्याकडचे मुखर्जी आणि बसू, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे चोळकर. चोळकरांचं नाव आज नागपुरातही किती जणांना ठाऊक असेल, शंका आहे. कोटणीस परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हबेई प्रांतात वारले. शांतारामबापूंच्या 1946च्या चित्रपटाने ते घराघरांत पोचले. त्यांचा फोटो आज देशभरच्या अ‍ॅक्युपंक्चर दवाखान्यांत टांगलेला असतो आणि लुधियानात त्यांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयही आहे. गंमत अशी की कोटणीस सुईवाले नव्हतेच. ते मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले शल्यचिकित्सक; आघाडीवर त्यांनी गोळ्या काढल्या, हातपाय वाचवले, बेथ्यून शांतता रुग्णालय चालवलं. सुई भारतात आणली ती त्यांचे सहकारी बिजोयकुमार बसू यांनी. ते 1950च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात ती वापरू-शिकवू लागले.

बसूंनी पाहिलेलं ते चिनी वैद्यकही फार प्राचीन नव्हतं. आज 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून शिकवतात त्याची घडी माओंच्या सरकारने 1950च्या दशकात बसवली. खेडी अमाप, डॉक्टर मूठभर. मग जे वैद्य हाताशी आहेत त्यांना एका अभ्यासक्रमात बसवायचं, 1956 साली त्यांची महाविद्यालयं काढायची, आणि पुढच्या दशकात शेतकर्‍यांच्याच पोरांना थोडकं शिकवून 'अनवाणी डॉक्टर' म्हणून गावात पाठवायचं. त्यांच्या पेटीत सुया होत्या, मुळ्या होत्या, आणि लसी व प्रतिजैविकंही होती. गावाचं आरोग्य सुधारलं ते कशाने, यावर वाद घालणारे सोयीने पेटीतला एकच कप्पा उघडतात.

पश्चिमेकडे वेड पसरलं ते 1971च्या जुलैत. न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्स काढलं आणि त्यांनी त्यावर लेख लिहिला. सुयांनी भूल दिली ही दंतकथा त्यातून निघाली. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनवर झाली होती. सुया आल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी.

कायद्याच्या कागदावर पश्चिम बंगाल पहिला, 1996 साली. महाराष्ट्राने 2015चा अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धतीचा कायदा करून परिषदेची तरतूद केली, आणि केंद्र सरकारने 2019च्या फेब्रुवारीत स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. आयुष मंत्रालयाच्या यादीत मात्र ती नाही. तिथे आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी आणि तिबेटची सोवा-रिग्पा. सोवा-रिग्पात डाग देणं आणि सुई दोन्ही आहेत, म्हणजे चिनी चुलतभाऊ खिडकीतून आत आलाच आहे. जून 2024पासून या मंत्रालयाचा स्वतंत्र कारभार बुलढाण्याचेच खासदार प्रतापराव जाधव यांच्याकडे आहे. आरोग्य खात्याचं राज्यमंत्रीपदही त्यांच्याकडेच. देशातल्या पर्यायी वैद्यकाची फाइल बुलढाण्याच्या माणसाच्या टेबलावरून पुढे जाते, हे लक्षात ठेवावं.

सुईपेक्षा जास्त जवळचं चिनी वैद्यक आहे ते स्वयंपाकघरातलं, आणि तिथे आपल्या आजीला काही शिकवावं लागणार नाही. तोंड आलं, डोळे चुरचुरले, घसा खवखवला की चिनी आई म्हणते आतली आग वर चढली. मग तिखट, तळकट, मटण बंद, मुगाचं सार नाहीतर शेवंतीच्या फुलांचा चहा. आपल्याकडे 'उष्णता झाली' म्हणून सब्जा, ताक, गुलकंद. सर्दीला तिथे आलं आणि गूळ, इथेही तेच. बाळंतिणीने महिनाभर गार पाण्याला हात लावायचा नाही, वार्‍यात जायचं नाही, गरम आणि पौष्टिक खायचं, हा चिनी रिवाज वाचताना सव्वा महिन्याची शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडूच डोळ्यांपुढे येतात. या सगळ्यात अपाय कमी, माया जास्त. उष्ण-थंडाचा तक्ता दोन्हीकडे जुळतोच असं नाही, आणि जुळत नाही तेव्हा कोणाचा खरा हे ठरवायला कोणाकडे मापही नाही.

चिनी माणूस बाराही महिने गरम पाणी पितो आणि त्याचं श्रेय यांगला देतो. खरं श्रेय उकळण्याला आहे; उकळलेल्या पाण्याने हगवण टळते. हा सल्ला आपल्याकडे फोनवर फिरतो तेव्हा मात्र घाटाखाली जरा थांबायला हवं. पूर्णेच्या खोर्‍यातल्या खारपाण पट्ट्यात पाणी क्षारांनी भरलेलं आहे, आणि उकळल्याने क्षार जात नाहीत. पाणी आटलं तर उलट दाटच होतात.

खारपाण पट्ट्याचं नाव 2025च्या जानेवारीत देशभर झालं ते वेगळ्याच कारणाने. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस जायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे, आणि काही दिवसांत टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, सगळेच. शाळकरी मुली डोक्याला रुमाल बांधायला लागल्या. वाहिन्यांच्या गाड्या आल्या, पुढारी आले, आरोग्य खात्याची पथकं आली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे लोक आले. पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला, शाम्पूवरसुद्धा गेला. सोयरिकी थांबल्या म्हणून गावकरी हवालदिल झाले. पुढे एप्रिलमध्ये त्याच गावांतून नखं गळण्याच्या तक्रारी आल्या.

या रुग्णापुढे चिनी वैद्य बसला असता तर? त्याच्या शास्त्रात केस म्हणजे रक्ताचा उरलेला अंश, आणि मूत्रपिंडाचं तेज केसांत दिसतं. त्याने जीभ पाहिली असती, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली असती, आणि फार करून हो-शौ-वू ही मुळी दिली असती. पांढरे केस काळे करणारी, गेलेले परत आणणारी म्हणून ती चीनमध्ये शतकानुशतकं प्रसिद्ध आहे आणि आता इंटरनेटवरून भारतातही मागवता येते. तिच्या सेवनाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. गावातल्या प्रत्येकाची जीभ वेगळी, नाडी वेगळी, प्रकृती वेगळी. वैद्याने एकेकाला वेगळं निदान दिलं असतं. अख्ख्या गावाचे केस एकदम का गेले, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नाही.

आणि तरीही या कोड्याचं उत्तर चीनमध्येच होतं. हुबेई प्रांताच्या नैर्ऋत्येला एन्शी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या खेड्यांत 1961 ते 1964 या काळात हेच घडलं: केस गेले, नखं गेली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या पाच खेड्यांत जवळपास निम्मी माणसं आजारी होती. चिनी संशोधकांनी नाडी नाही पाहिली. माती पाहिली, मका पाहिला, भाजी, केस आणि रक्त तपासलं. सापडलं सेलेनियम. तिथल्या दगडी कोळशात ते भरपूर होतं, वार्‍यापावसाने ते मातीत उतरत होतं, शेतात चुना टाकायच्या रीतीने पिकांना ते आणखी सहज मिळत होतं. त्यात दुष्काळाने भात गेला आणि लोक त्या मातीतला मका आणि भाजीपालाच जास्त खाऊ लागले. यांग ग्वांगची आणि सहकार्‍यांचा हा शोधनिबंध 1983 साली प्रसिद्ध झाला. सेलेनियमच्या विषबाधेचा जगभर अभ्यास होतो तो अजून त्यालाच धरून.

शेगावच्या गावांत ही दिशा धरली ती महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, विंचूदंशावरच्या कामाने जगाला माहीत असलेल्या. त्यांनी 18 गावांतल्या 279 रुग्णांची नोंद घेतली, स्वतः फिरले, नमुने तपासून घेतले, आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. धान्य बदललं की केस परत येतात, आणि इथेही बर्‍याच जणांचे परत यायला लागले. दोन हजार वर्षांचं चिनी वैद्यक आणि विसाव्या शतकातलं चिनी संशोधन यांत बुलढाण्याच्या उपयोगाचं कुठलं, याचं उत्तर मला बोंडगावात मिळतं.

पण हाच न्याय उलटाही लावायला हवा. चीनच्या जुन्या पोथ्यांतूनच आलेलं एक औषध बुलढाणा जिल्ह्यात कधीपासून आहे आणि त्याला कोणी चिनी म्हणत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी हिवताप जुनाच. मेंदूवर जाणारा फाल्सिपेरम हिवताप निघाला की सरकारी दवाखान्यातून आर्टेसुनेटच्या गोळ्या मिळतात. त्यामागे आहे तू यौयौ ही चिनी संशोधिका. व्हिएतनाम युद्धाच्या काळात 1967 साली सुरू झालेल्या गुप्त प्रकल्पात तिच्या गटाने जुन्या पोथ्यांतली शेकडो औषधं तपासली. चिंग-हाव या वनस्पतीचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे हुंगच्या पोथीत तिला दिसलं की पाला उकळायला नव्हे, गार पाण्यात भिजवून पिळायला सांगितला आहे. उष्णतेने गुण जात असणार असं ताडून तिने कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, आणि 1971च्या ऑक्टोबरमध्ये 191 क्रमांकाचा नमुना उंदरांच्या हिवतापावर शंभर टक्के लागू पडला. 2015 साली तिला नोबेल मिळालं. पोथीने इशारा दिला, पण पोथीतल्या सगळ्याच वनस्पती असल्या निघाल्या नाहीत. हेही तिच्याच वहीने सिद्ध केलं.

ही चिंग-हाव आपल्या दवण्याच्या कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच दवणा. याच कुळातली तिसरी वनस्पती वाळवून, तिची कांडी पेटवून चिनी वैद्य दुखर्‍या जागेजवळ धरतात आणि कातडीला शेक देतात. शेक बराच असतो. पण आपल्याकडे शेकाच्या पुढे जाऊन डागायची रीत आहे. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या वर, मेळघाटात तान्ह्या पोरांची पोटं फुगली म्हणून तापलेल्या विळ्याने चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात. अशा घरात 'चिनी लोकही डाग देतात' असं अर्धवट ज्ञान पोचू नये. तुंबडीचंही तेच. वैदू लोक शिंगाने, तुंबडीने वाईट रक्त काढत फिरायचे, त्यांना आपण अडाणी ठरवून हाकललं. 2016च्या ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या पाठीवर तुंबडीचेच गोल वळ दिसले आणि शहरातल्या दवाखान्यांत काचेचे कप आले.

आता गोळ्यांचा राहिलेला हिशेब. डायक्लोफेनॅकच्या जातीच्या दुखायच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. अंगात पाणी कमी असेल, रक्तदाब असेल, तर धोका वाढतो. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशाला शेतात राबणारी, खारं पाणी तोंडात घेववत नाही म्हणून कमी पिणारी बाई वर्षानुवर्षं या गोळ्या खाते, आणि तीही अशा पट्ट्यात जिथे किडनीच्या आजाराने माणसं गेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. त्यामुळे जर्मन चाचणीतला आराम खर्‍या बिंदूमुळे पडला की नुसत्या टोचण्यामुळे, हा वाद मला इथे गौण वाटतो. स्वच्छ सुईने जर आठवड्याच्या चौदा गोळ्यांच्या चार होत असतील, तर जळगाव जामोदच्या बाईसाठी तो फायदा लंडनच्या बाईपेक्षा मोठा आहे. 'नाइस'च्या तक्त्यात हा हिशेब नाही, कारण तिथे खारपाण पट्टा नाही.

त्याच कारणाने चिनी किंवा कुठल्याही नाव नसलेल्या पावडरीबद्दल मी अजिबात उदार नाही. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात चिनी मुळ्यांची भुकटी दिली गेली. एका मुळीच्या जागी तिच्या नावाशी मिळतीजुळती दुसरी आली, अरिस्टोलोकिया कुळातली. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं बिघडली, कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. याच कुळातली ईश्वरी, जिला सापसंद म्हणतात, आपल्याही रानात आहे आणि झाडपाल्याच्या औषधांत वापरली जाते. यात्रेतल्या तंबूत, गाडीवर, किंवा फोनवरून मागवलेल्या पुडीत काय आहे हे विकणार्‍यालाही माहीत नसतं.

तेव्हा सुई घ्यायची असेल तर घ्या. देणार्‍याची परिषदेकडची नोंदणी विचारा. विचारल्याचा राग आला तर उठून या. सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई डब्यात गेली पाहिजे, कारण उष्ट्या सुईने कावीळ ब आणि क दोन्ही पसरतात. छातीवर, फासळ्यांवर खोल सुई नको; फुप्फुसाला भोक पडल्याचे प्रकार जगभर नोंदले आहेत. पोटुशी असाल तर आधी सांगा. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस सुईवाला नव्हे, धोका आहे. आणि मंत्रीमहोदयांकडे जिल्ह्याच्या वतीने एवढीच मागणी: नोंदणीकृत अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सकांची तालुकावार यादी मराठीत छापून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर लावा.

पहिल्या सुईच्या आधी आठवड्याला किती दुखायच्या गोळ्या लागतात ते लिहून ठेवा, आणि मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे पाहायला एकदा क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. सहा बैठकांनंतर गोळ्या कमी झालेल्या नसतील, तर सातवीचे पैसे घरीच ठेवा.